तंजावरचा सिलेखाना आणि मून क्लिपचं रिव्हॉल्व्हर

तंजावरला जाणारा मराठी माणूस बृहदीश्वराचं देऊळ पाहतो, 1803 सालचा भोसल्यांच्या इतिहासाचा लांबलचक मराठी शिलालेख वाचायचा प्रयत्न करतो, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतो आणि परततो. किल्ल्याच्या पूर्वेकडच्या बुरुजावर बीरंगी मेडू म्हणून जागा आहे, तिकडे फार थोडे वळतात. तिथे रघुनाथ नायकाच्या काळातली, म्हणजे सतराव्या शतकातली, एक अजस्र तोफ उघड्यावर पडून आहे. लांबी सुमारे 26 फूट, वजन बावीसेक टन. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीसारख्या जुळवून त्यांवर तापवलेली कडी एकामागून एक चढवली आणि ठोकून एकजीव केली. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी या घडणीचा बारकाईने अभ्यास केला आहे.

या तोफेपुढे उभं राहिलं की ही भरत कशी असतील, हाच प्रश्न आधी पडतो. तोंडातून दारू घालायची, ती ठासायची, मग गोळा, मग बत्ती. एकदा उडाली की नळी पुसून थंड होऊ द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हत्याराच्या गोष्टी सांगताना आपण मारा किती लांब, नेम किती अचूक एवढंच बोलतो. माझ्या मते बंदुकीचा इतिहास हा मुख्यतः ती भरण्याचा इतिहास आहे. आणि ती कोणाच्या हातात राहायची, हेही पुष्कळदा त्या भरण्यावरच ठरलेलं आहे.

तंजावरचे भोसले हे हत्यारांचे जाणकार धनी. व्यंकोजीराजांनी 1670च्या दशकात इथे राज्य बसवलं, ते 1855 पर्यंत टिकलं. पण 1799च्या तहानंतर सरफोजीराजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग एवढंच उरलं होतं. फौजेचं काम संपलं, सिलेखाना मात्र भरलेला राहिला. तिथल्या दक्षिणी कट्यारी आज जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत: मुठीवर नागाच्या फण्यासारखी पोलादी ढाल, तिच्यावर जाळीचं कोरीवकाम आणि पुढे बरेचदा युरोपात घडलेलं पातं. फिरंगी व्यापाऱ्याकडून तलवार घ्यायची, तिचं पातं कापायचं आणि आपल्या मुठीत बसवायचं, ही इथल्या कारागिरांची जुनी रीत.

29 ऑक्टोबर 1855 रोजी दुसरे शिवाजीराजे वारले. मुलगा नव्हता, कंपनीने राज्य खालसा केलं आणि वाड्यातल्या चीजवस्तूही ताब्यात घेतल्या. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दावा लावला, तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1859 साली निकाल आला: ही राज्यसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही. सिलेखान्याचं काय झालं ते मद्रास सनदी सेवेतल्या एम. जे. वॉलहाउस याने 1878 साली ‘इंडियन अँटिक्वरी’त लिहून ठेवलं आहे. 1863च्या सुमारास हत्यारांचे ढीग त्रिचनापल्लीला आले. निवडक नग मद्रासच्या संग्रहालयासाठी बाजूला काढले, बाकीचे मोडून जुनं लोखंड म्हणून विकले. अशी कट्यार एका माणसाने महिनोन्‌महिने कानशीने घासून घडवलेली असते. ती भंगाराच्या भावाने गेली, हे वाचताना आजही संताप येतो. वाचलेल्यांपैकी काही आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

ज्या वर्षी वॉलहाउसचा लेख आला त्याच वर्षी, 1878 साली, लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा केला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. गोऱ्या अंमलदाराच्या पट्ट्याला मात्र रिव्हॉल्व्हर लटकू लागलं आणि पुढे त्यावर वेबली हे नाव ठरून गेलं. .455 बोअरचं वेबली मधोमध मोडतं. मोडलं की सिलिंडरच्या मधली चांदणी वर येते आणि सहाही पुंगळ्या एका दमात बाहेर पडतात. ही करामत काडतुसाच्या बुडाशी असलेल्या बाहेर आलेल्या कडेची, म्हणजे रिमची. रिममुळे काडतूस चेंबरमध्ये योग्य जागी अडतं आणि चांदणीला उचलायला आधार मिळतो.

स्वयंचलित पिस्तुलाला हीच रिम नडते. मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक बसतात, तिथे रिम एकमेकींत अडकतात. म्हणून अमेरिकन सैन्याने 1911 साली जे कोल्ट पिस्तूल स्वीकारलं, त्याचं .45 काडतूस बिनरिमचं होतं. 1917 साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि पिस्तुलं पुरेनात. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन यांच्याकडे मोठ्या चौकटीची रिव्हॉल्व्हरं तयार होती, पण बिनरिमचं काडतूस त्यांत अडणार कशाला? सुरुवातीच्या कोल्टच्या चेंबरला आत पायरीच नव्हती, काडतूस सरळ पुढे निसटायचं. स्मिथ अँड वेसनने पायरी ठेवली होती. ते उडायचं, पण पुंगळ्या काडीने टोचून काढाव्या लागत. तोडगा स्मिथ अँड वेसनने शोधला: पोलादी पत्र्याची अर्धचंद्राकार चकती, तिच्यात तीन काडतुसं. अशा दोन चकत्यांत सिलिंडर भरतो. पुढे सहाही काडतुसं धरणारी पूर्ण गोल चकती आली. तीच मून क्लिप.

चकती जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, फुलासारखी, कडेला सहा खाचा. काडतुसाच्या बुडाजवळची खोबण खाचेत दाबली की टक्‌ असा आवाज होऊन ते पकडलं जातं. भरलेली क्लिप हातात धरली की काडतुसं थोडी हलतात. ती हलायलाच हवीत, नाहीतर सहा तोंडं सहा चेंबरांत एकदम उतरणार नाहीत. सिलिंडर बाहेर काढायचा, नळी खाली करायची, क्लिप सोडायची. उडवून झाल्यावर नळी वर करून दांड्यावर तळहात मारला की क्लिपसकट सगळ्या पुंगळ्या खाली. वाटेत एकही अडकत नाही, एकही चांदणीखाली घसरत नाही.

जपावं लागतं ते क्लिपलाच. पुंगळ्या नखांनी ओरबाडून काढल्या की पत्रा वाकतो. वाकलेली क्लिप सिलिंडरला घासते, चाप जड होतो, काडतूस थोडं आत-बाहेर राहतं आणि घोडा पडूनही बार उडत नाही. म्हणून पुंगळ्या काढायला पोकळ नळीसारखं साधं अवजार वापरतात. स्पर्धेआधी सराईत नेमबाज प्रत्येक क्लिप रिकाम्या पुंगळ्यांसह घालून सिलिंडर हळूच फिरवून बघतो. डगमगली की ती बाद. अमेरिकेचा जेरी मिक्युलेक याने 1999 साली स्मिथ अँड वेसनच्या 625 वर सहा बार, पुन्हा भरणं, परत सहा बार, हे सगळं 2.99 सेकंदांत केलं. बोटांची जादू खरीच, पण वाकलेल्या क्लिपवर ती चालली नसती.

याच चकतीने जुन्या वेबलींनाही दुसरा जन्म दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत .455ची काडतुसं मिळेनात. तेव्हा तिथल्या विक्रेत्यांनी सिलिंडरची मागची बाजू घासून .45ची क्लिप बसेल अशी केली. सौदा स्वस्त, पण जोखमीचा: .45चा दाब वेबलीला झेपेल त्याहून जास्त, आणि तशी हत्यारं आजही लोकांच्या हाती आहेत.

तंजावरच्या एखाद्या नेमबाजाला असं मून क्लिपचं रिव्हॉल्व्हर घ्यावंसं वाटलं तर? 1959च्या शस्त्र कायद्याखाली झालेल्या 1962च्या नियमांनी .380 आणि .455 रिमवाली, तसंच लष्करी 9 मिमी आणि .45 बिनरिमची काडतुसं ज्यांत चालतात अशी पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं वेगळ्या गटात टाकली. बोलीत त्याला पीबी म्हणतात, म्हणजे प्रतिबंधित बोअर. त्याचा परवाना जिल्हाधिकारी देत नाही, विषय दिल्लीत गृह मंत्रालयाकडे जातो. कारण उघड आहे: लष्कराच्या कोठारातून सरकलेली गोळी खाजगी हत्यारात चालता कामा नये. दुसऱ्या महायुद्धात आपल्या सैन्याकडे थॉम्सन गन होत्या, त्यांची गोळी हीच .45. मून क्लिपवर चालणारी नावाजलेली रिव्हॉल्व्हरं मुख्यतः याच दोन बिनरिमच्या गोळ्यांची, त्यामुळे सर्वसामान्य परवानाधारकाला ती जवळपास बंद आहेत.

त्याच्या वाट्याला येतं ते .32. हे रिमवालं, त्याला क्लिपची गरजच नाही. कानपूरच्या कारखान्यांत ही रिव्हॉल्व्हरं बनतात. 2014 साली आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. तंजावरहून तासाभराच्या वाटेवर तिरुचिरापल्लीला, म्हणजे त्याच त्रिचनापल्लीला, 1966 पासून आयुध कारखाना आहे, तिथे मुख्यतः सैन्याच्या रायफली होतात. ज्या गावी भोसल्यांच्या कट्यारी मोडल्या, त्याच गावी आज देशाची हत्यारं घडतात, ही गोष्ट मला मोलाची वाटते. आणि .32च्या काडतुसाचं बूड उलटं करून पाहिलं तर तिथे बहुधा ‘केएफ’ असा ठसा दिसतो, म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीचा कारखाना.

मालकीचं ओझंही कमी नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका, परवान्याची मुदत पाच वर्षं. किती काडतुसं घेतली याची नोंद परवान्यावर चढते. निवडणुका लागल्या की बहुतेक जिल्ह्यांत हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. माझा या शिस्तीला विरोध नाही. घरोघरी .45 नको, हे सरकारचं म्हणणं मला पटतं. पण खेळाचं गणित वेगळं. आंतरराष्ट्रीय सेंटर फायर प्रकारात .30 ते .38 एवढीच मर्यादा आहे, म्हणून आपल्या नेमबाजांना .32 पुरतं. जसपाल राणा यांनी 2006च्या दोहा आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात सुवर्ण मिळवलं. रिव्हॉल्व्हरच्या वेगवान स्पर्धा मात्र मुख्यतः मून क्लिपवर चालतात आणि त्यांचा दरवाजा आपल्याकडे खेळाडूलाही जवळपास बंद आहे. हत्यार आणि काडतुसं रेंजच्या कुलपात, नोंद रेंजच्या वहीत, घरी काहीच न्यायचं नाही, या अटीवर काही मोजक्या मान्यताप्राप्त रेंजना अशी रिव्हॉल्व्हरं ठेवू द्यावीत. चोरीची भीती हेच बंदीचं कारण असेल, तर कुलूप आणि वही त्या भीतीला पुरेसं उत्तर आहे.