तबकडीमागचे जोशी

एरंडोलात वरात निघाली की अहिराणी गाणं हमखास वाजतं. तेच गाणं मोबाइलवर लावलं, तर बऱ्याचदा गायकाच्या नावाखाली 'निर्माता' म्हणून आणखी एक नाव दिसतं. गायक गातो, वादक वाजवतो. मग हा गृहस्थ करतो काय?

त्यासाठी जी. एन. जोशींची गोष्ट ऐका. गजानन जोशींचा जन्म १९०९चा. शिक्षण वकिलीचं, पण गळा गोड! मेहकरचे, म्हणजे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता त्यांनी तबकडीवर गायली आणि ती घरोघरी पोचली. मराठी भावगीताची सुरुवात पुष्कळ जण तिथूनच मानतात. पुढे १९३८ मध्ये ते 'हिज मास्टर्स व्हॉइस'मध्ये नोकरीला लागले. हो, तीच, भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याची कंपनी! आता इतरांना गायला बसवणं हेच त्यांचं मुख्य काम झालं.

आणि ते सोपं नव्हतं बरं का. तेव्हाची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं वाजे. मैफलीत तासभर एकच राग आळवणाऱ्या खाँसाहेबांना 'तीन मिनिटांत आटपा' असं सांगणार कोण? शिवाय मुद्रण मेणाच्या थाळीवर होई. मध्ये चूक झाली तर खोडायची सोय नाही, पुन्हा पहिल्यापासून. कलावंताची मनधरणी करायची, काय गायचं ते ठरवायचं, एक डोळा घड्याळाकडे ठेवायचा. जो आवाज मुद्रित झाला नाही, तो गायकाबरोबरच संपला.

पुढे दीर्घ तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटांची. १९६७ मध्ये जोशींनी तिशीच्या आतबाहेरचे तिघे एकत्र आणले: संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि चक्क गिटारवर ब्रिजभूषण काबरा. संतूर आणि गिटारवर शास्त्रीय संगीत? नाकं मुरडणारे होतेच. पण काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस रागांतून सांगणारी 'कॉल ऑफ द व्हॅली' परदेशातही गाजली. पहाटे अहिर भैरव, शेवटी पहाडी. जरूर ऐका.

जोशींनी या आठवणी 'डाउन मेलडी लेन' या पुस्तकात लिहून ठेवल्या. १९९४ मध्ये ते गेले.

आजोबांच्या माळ्यावर एखादी जुनी काळी तबकडी असेल तर पुसून बघा. गायकाचं नाव असेल, रागाचं असेल. निर्मात्याचं बहुधा सापडणार नाही.