मालगुडीचा मुक्काम : आगुंबे

काशी-रामेश्वर, आळंदी-पंढरपूर आणि सौंदत्तीची यल्लम्मा या यात्रा आपल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या घडत आल्या आहेत. परंतु जे गाव भारताच्या कोणत्याही नकाशात नाही, ज्याला तालुका नाही, तलाठी नाही, अशा गावची यात्रा करावी, असे कोणी म्हटले तर ऐकणारा त्याच्याकडे जरा चमकूनच पाहील. आमच्या बेळगावच्या वाचकमंडळातील चौदा जणांनी गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत अशी यात्रा केली. गावाचे नाव मालगुडी.

वाचकांपैकी जे आज पन्नाशीच्या आसपास आहेत, त्यांना अधिक सांगावयास नको. १९८६ साली दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' ही मालिका सुरू झाली, तेव्हा मी माध्यमिक शाळेत होतो. आमच्या गल्लीत दूरचित्रवाणीचे संच दोनच घरी होते. मालिकेच्या वेळी त्यांपैकी एका घराच्या सोप्यात वीस-पंचवीस माणसे दाटीवाटीने बसत, आणि आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे पडद्यावर उमटू लागली की लहानथोर सारे एकदम गप्प होत. कथा आर. के. नारायण यांच्या, दिग्दर्शन शंकर नाग यांचे, संगीत एल. वैद्यनाथन यांचे. दहा वर्षांच्या स्वामीचे काम मास्टर मंजुनाथ या मुलाने इतके सहज केले होते की, तो आपल्याच वर्गात मागच्या बाकावर बसत असावा, असे आम्हा मुलांना वाटे.

बेत ठरला तेव्हा मंडळात थोडा वाद झालाच. आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी सरळ प्रश्न केला, "गुरुजी, कथा इंग्रजी, मालिका हिंदी, गाव कानडी. यात आपले मराठीचे काय?" सदर गृहस्थांनी मराठी वाचनालयासाठी आयुष्याची चाळीस वर्षे वेचलेली असल्यामुळे त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. उत्तर कोणीच दिले नाही. "तुम्ही बरोबर चला म्हणजे झाले," असे म्हणून त्यांचे नाव यादीत घालण्यात आले. बरोबरच्या तीन मुलांना मालगुडी ठाऊक नव्हते. म्हणून निघण्यापूर्वीचे काही दिवस रोज संध्याकाळी त्यांना स्वामीचे भाग दाखविले.

बेळगावहून धारवाड, हुबळी, हावेरी करीत आमची गाडी हरिहरास तुंगभद्रेच्या पुलावर आली. येथून दावणगेरे जवळच आहे. त्याच दावणगेऱ्याजवळ ३० सप्टेंबर १९९० रोजी शंकर नाग मोटारीच्या अपघातात गेले. वय अवघे पस्तीस. पुलावर गाडी क्षणभर थांबविली आणि ज्येष्ठांच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला तुकडा मी तेथे सांगितला. शंकर नाग हे होन्नावरकडचे, कोकणी घरातले. त्यांचे नाट्यशिक्षण झाले ते मुंबईच्या मराठी रंगभूमीवर. चापेकर बंधूंवरील '२२ जून १८९७' या १९७९ सालच्या मराठी चित्रपटाच्या पटकथेत त्यांचा हात होता. मालिकेत स्वामीचे कडक वडील झालेले गिरीश कार्नाड यांचा जन्म माथेरानचा, घरची भाषा कोकणी, शिक्षण धारवाडचे, लेखन कन्नड. 'उंबरठा' या १९८२ सालच्या मराठी चित्रपटात स्मिता पाटील यांच्यासमवेत त्यांना आपण पाहिलेलेच आहे. लक्ष्मण म्हैसूरचे, पण त्यांचा 'कॉमन मॅन' जन्मला मुंबईत, आणि त्यांनी देह ठेवला २०१५ साली पुण्यात. नारायण यांचे घर तमिळ, वास्तव्य म्हैसूरचे, लेखणी इंग्रजी. एवढ्या साऱ्या भाषांतून आलेल्या माणसांनी मिळून हे एक गाव वसविले होते. ज्येष्ठ गृहस्थांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "बरे, पुढे?"

पहिला मुक्काम शिमोग्यास केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तालगुप्प्याच्या रेल्वेमार्गावरील अरसाळू या स्थानकावर गेलो. मालगुडीची यात्रा स्थानकापासूनच सुरू करावी, यास एक आधार आहे. १९३० साली आजीने पाहून दिलेल्या शुभ दिवशी नारायण बंगळुरास कोरी वही घेऊन लिहावयास बसले. तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहिले ते एक लहानसे रेल्वे स्थानक. गाव त्याच्या भोवती मागाहून वसले. पुढे १९३५ साली 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. आपल्याकडे दसऱ्याला पाटीपूजन करून अक्षराचा श्रीगणेशा करतात. ग्रंथकाराच्या आजीने मुहूर्त काढून दिला आणि त्यातून एक अख्खे गाव निघाले, ही गोष्ट मला मोठी गोड वाटते.

अरसाळूचे स्थानक मालिकेत मालगुडीचे स्थानक झाले होते. मीटरगेज गेली, नवे रूळ आले आणि जुनी इमारत ओस पडली. ती पाडून टाकण्याऐवजी रेल्वेने २०२० साली तिची डागडुजी करून तेथे मालगुडीचे संग्रहालय केले. विशेष हे की, हे काम मालिकेचे कलादिग्दर्शन करणाऱ्या जॉन देवराज यांच्याच हातून झाले. मालिकेसाठी ज्या हातांनी ते स्थानक सजविले, त्याच हातांनी तीस-पस्तीस वर्षांनंतर ते पुन्हा उभे केले. आत मालिकेतील पात्रांच्या प्रतिमा आहेत, छायाचित्रे आहेत. इमारत लहानच आहे. पाहून व्हावयास अर्धा तास पुरे. पण फलाटावरून आमची मंडळी लवकर हलेनात. कादंबरीचा शेवट अशाच फलाटावर होतो. राजमची गाडी सुटत असते. रुसलेल्या मित्राला द्यावयाचे अँडरसनच्या परीकथांचे पुस्तक स्वामीच्या हातातच राहिलेले असते, आणि दांडगा मणी ते चालत्या गाडीत पोहोचते करण्यासाठी धावतो. राजम त्याला क्षमा करतो की नाही, हे नारायण सांगत नाहीत. आमच्यातील सर्वांत लहान मुलीने विचारले, "मग नंतर त्याने पत्र पाठवले का?" कोणाजवळच उत्तर नव्हते.

तेथून आम्ही तीर्थहळ्ळीकडे वळलो. दोन्ही अंगांना सुपारीच्या बागा, कौलारू घरे, अंगणांत वाळत घातलेली सुपारी आणि मधूनच दर्शन देणारी तुंगा. तीर्थहळ्ळीजवळच कुप्पळ्ळी हे राष्ट्रकवी कुवेंपु यांचे गाव आहे. कन्नडला पहिला ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्यामुळे मिळाला, तो १९६७ सालचा. त्यांचे तीन मजली लाकडी घर पाहण्यासारखे आहे. त्याविषयी पुन्हा केव्हातरी सविस्तर लिहीन.

आगुंबे हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे एवढेसे गाव. वर्षाकाठी सुमारे साडेसात हजार मिलिमीटर पाऊस, म्हणजे आपल्या बेळगावच्या पाच-सहापट. म्हणूनच त्यास दक्षिणेचे चेरापुंजी म्हणतात. येथून पश्चिमेस वळणावळणांचा घाट उडुपीकडे उतरतो. भोवतीच्या अरण्यात नागराज, म्हणजे किंग कोब्रा, याचे वास्तव्य आहे, आणि सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ साली येथे संशोधन केंद्र उभारले. जाणाऱ्यांनी पावसाळा टाळावा. ऑक्टोबरातही जळवा असतात, तेव्हा मीठ आणि मोजे बरोबर असू द्यावेत.

गावात मालगुडीची खूण म्हणून पाटी शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. एक मुख्य रस्ता, एक चौक, काही दुकाने. नारायण यांच्या मालगुडीत सर फ्रेडरिक लॉली या इंग्रज साहेबाचा पुतळा आहे, आणि मालिकेसाठी तो येथे उभारला होता. आज तो नाही. 'लॉली रोड' या कथेत स्वातंत्र्यानंतर मालगुडीची नगरपालिका देशभक्तीच्या भरात साऱ्या रस्त्यांची नावे बदलून टाकते. मग पत्रे चुकीच्या घरी जाऊ लागतात, लोकांना आपलेच घर सापडेनासे होते. लॉलीला जुलमी समजून त्याचा पुतळाही उखडतात, आणि मागाहून कळते की जुलमी लॉली तो वेगळाच, हा तर गाव वसविणारा! आता पुतळा पुन्हा उभारणे भाग पडते. चौकात उभे राहून ही कथा मी मंडळींना सांगितली. २०१४ साली अधिकृत कागदोपत्री बेळगावचे बेळगावी आणि शिमोग्याचे शिवमोग्गा झालेले आम्ही लोक. कथा संपल्यावर आम्ही जे हसलो, ते केवळ मालगुडीच्या नगरपालिकेला नव्हे.

दुपारी 'दोड्डमने'त गेलो. दोड्डमने म्हणजे थोरले घर, आपल्याकडचा थोरला वाडा. याच घरात स्वामीच्या घराचे चित्रण झाले. मधे आभाळाला उघडा चौक, भोवती सोपा, काळ्याभोर लाकडी खांबांवर कोरीव काम. घरातील वृद्ध बाईंनी "बन्नी, बन्नी" म्हणत आत घेतले आणि गरम कषाय पुढे ठेवले. आमच्यातील आजींचे माहेर संकेश्वराकडचे. त्यांनी आपल्या मराठी-कानडी मिश्र भाषेत बोलणे सुरू केले. दहा मिनिटांत दोघी सुनांवर, गुडघ्यांवर आणि यंदाच्या सुपारीच्या भावावर येऊन ठेपल्या. मुले खांबांआड लपाछपी खेळू लागली. स्वामी ज्या सोप्यात वडिलांची नजर चुकवीत वावरला, तेथे ती तशीच वावरत होती. मला पाहून मात्र थबकली आणि एकमेकांकडे बघून हसू लागली. कारण उघड होते. स्वामी मुख्याध्यापकाच्या हातची छडी हिसकावून खिडकीबाहेर फेकतो आणि पळून जातो, तो भाग त्यांनी नुकताच पाहिला होता. १९८६ साली त्या प्रसंगी टाळ्या पिटणाऱ्यांत मी होतो. आज त्याच प्रसंगात मी टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. छडी आता शाळेतून गेली, हे उत्तमच झाले. परंतु आजचा स्वामी आमच्या शाळेतून पळतो तो छडीच्या भीतीने नव्हे. माझ्या सरकारी मराठी शाळेत एका वर्गात कधी काळी चाळीस मुले असत. आज बारा आहेत. पालक प्रेमाने येऊन दाखला मागतात आणि नमस्कार करून जातात. त्यांच्यावर मी कसा रागावू? पोराचे भले कोणाला नको आहे? पण दाखल्यावर सही करताना हात जड होतो, हे खरे.

त्या सोप्यात बसल्या बसल्या ज्येष्ठ गृहस्थांनी आपणहून विषय काढला. म्हणाले, "गुरुजी, या घरात मालिका झाली नसती, तर आपण येथे आलो असतो का?" मी म्हणालो, "नाही." "आणि नारायणांनी कथा लिहिल्या नसत्या तर?" "मालिकाच झाली नसती." ते काही वेळ खांबाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गल्लीतसुद्धा असा एक वाडा होता. पाडला. त्यावर एक ओळ कोणी लिहिलेली नाही. मीही नाही."

त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. चित्रीकरणाची जागा म्हणजे नुसती भिंत आणि खांब नव्हेत, हे नारायण यांना चांगले ठाऊक होते. त्यांच्या 'गाईड' कादंबरीवर १९६५ साली जो हिंदी चित्रपट निघाला, त्यात दक्षिणेतले मालगुडी सोडून कथा राजस्थानात नेण्यात आली. नारायण यांना ते इतके खटकले की त्यांनी त्यावर 'मिसगायडेड गाईड' असा उपरोधिक लेखच लिहिला. राजवाडे आणि सरोवरे देखणी असतील, पण ती त्यांच्या माणसांची नव्हती. शंकर नाग यांनी भपका टाळला. त्यांनी पावसाने शेवाळलेली कौले, ओटा, गल्ली आणि शाळा घेतली. म्हणून ज्याच्या त्याच्या भाषेतील प्रेक्षकाला ते आपलेच गाव वाटले. मालगुडीवर कोणत्याही भाषेची पाटी नाही, तरी ते टिकले. ते टिकले याचे कारण, आपल्या लहानशा जागेविषयी कोणीतरी प्रेमाने आणि नेमकेपणाने लिहिले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपण मराठी माणसांपाशी अशी गावे काही थोडी नाहीत. बडोद्याच्या वाड्यांतील, ग्वाल्हेरच्या लष्करातील, इंदूरच्या राजवाड्यामागील गल्ल्यांतील, हैदराबादेतील आणि गोव्याच्या वाड्यावाड्यांतील आपले जगणे दोन-तीन भाषांच्या सरमिसळीतले आहे. त्याची आपल्याला कधी कधी उगीच लाज वाटते. वास्तविक मालगुडी अशाच सरमिसळीतून उभे राहिले. आपण शाळा वाचविण्यासाठी अर्ज करतो, तेही केलेच पाहिजेत, आणि मी स्वतः करतो. पण ज्या शाळेची, ज्या गल्लीची एकही गोष्ट मुलाला ठाऊक नाही, ती वाचवावी असे त्याला का वाटावे?

बेळगावास परतल्यावर मंडळाने एक लहानसे काम हाती घेतले आहे. प्रत्येक सभासदाने आपली गल्ली, शाळा, ओटा, दुकान यांपैकी एकाविषयी चार पाने लिहावयाची. भाषेत कानडी शब्द आले तर येऊ द्यावयाचे. पहिली वही ज्येष्ठ गृहस्थांची आली. पाडलेल्या त्या वाड्याचा नकाशा त्यांनी आठवणीने काढला असून, विहीर कोठे होती आणि पेरूचे झाड कोठे, हेही दाखविले आहे. माझ्या वर्गातील बारा मुलांना मी तो वाचून दाखविला. त्यांपैकी पाच मुले संध्याकाळी ती जागा पाहावयास गेली होती.