छायाचित्रावरील धूळ : काय पुसावे, काय राखावे



अंधेरी पूर्वेच्या महाकाली अर्थात कोंडिविटे लेण्यांचे छायाचित्र संगणकावर मोठे करून पाहिले की कधी कधी आकाशात करडे, पुसट ठिपके दिसतात. भिंग बदलताना आत शिरून कॅमेऱ्याच्या संवेदकावर बसलेली ही धूळ होय. लागोपाठच्या छायाचित्रांत ठिपका त्याच जागी आढळतो. एफ-१६, एफ-२२ असे लहान छिद्र ठेवल्यास तो अधिक ठळक होतो.

तो काढण्यासाठी ‘हीलिंग ब्रश’ वापरतात. फोटोशॉपमध्ये हे साधन २००२ साली आले. ते शेजारचा पोत घेऊन त्या जागेच्या रंग-प्रकाशाशी जुळविते. चित्र १०० टक्के आकारात पाहावे व ब्रश ठिपक्याहून किंचित मोठा ठेवावा.

आकाशात हे निर्धास्तपणे करावे. लेण्याच्या भिंतीवर मात्र हात आवरावा. तेथील खडकच मुळात खळग्यांचा आहे. ते खळगे पुसल्यास लेण्याची खरी स्थिती लपते.

घरातील जुन्या कृष्णधवल छायाचित्रांबाबत तर अधिकच जपावे लागते. पुष्कळ घरांत आजी-पणजीचे एकच छायाचित्र उरले आहे. तिच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदणाचे ठिपके असतात. स्कॅनरची आपोआप धूळ काढणारी सोय तेही पुसू शकते. अवरक्त किरणांनी धूळ हेरणारी पद्धत रंगीत फिल्मला उपयोगी पडते. पण पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधील चांदीचे कण हे किरण अडवितात, त्यामुळे यंत्र चित्रालाच धूळ समजते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमची विनंती : प्रथम स्कॅनरची काच मऊ कापडाने पुसा. छायाचित्रावर तोंडाने फुंकर घालू नका, हातपंपाने हवा मारा. किमान ६०० डीपीआयवर स्कॅन करा. शंका आल्यास छायाचित्र थोडे सरकवून पुन्हा स्कॅन करा. काचेवरची धूळ चित्रातली जागा बदलेल, गोंदण बदलणार नाही. छायाचित्रालाच चिकटलेला डाग असेल तर वडीलधाऱ्यांना विचारा. मूळ स्कॅन जसाच्या तसा जपून दुरुस्ती वेगळ्या प्रतीवर करा.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक दृष्टी प्रथम सांगितली. आधी नीट पाहावे, मगच पुसावे. आजीचे गोंदण एकदा पुसले आणि मूळ प्रतही हरवली, तर ते नातवंडांना पुन्हा कोण दाखविणार?