साथ ओसरली, वाचन अजून रुसलेलेच!

- प्रतिनिधी

'वाचाल तर वाचाल' हे वाक्य महाराष्ट्रातील अनेक शाळांच्या भिंतींवर रंगवलेले आढळते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे त्या भिंतींआडचे वर्ग बंद झाले आणि मुलांच्या वाचनाची सारी जबाबदारी एकाएकी घरावर येऊन पडली. ग्रंथालयांना कुलपे लागली, पुस्तकांची दुकाने बंद झाली, काही काळ तर वृत्तपत्रही दारात येईनासे झाले. मूल दिवसभर घरात, हाताशी वेळच वेळ. तरीही पुस्तक पुढे केले की ते तोंड फिरवते, अशी तक्रार त्या दिवसांत घरोघरी ऐकू येत होती.

ती तक्रार टाळेबंदीबरोबर संपली नाही. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुले आता वरच्या वर्गांत पोहोचली आहेत. इतिहास, भूगोल, विज्ञान यांचे पानपानभर मजकूर त्यांच्यासमोर आहेत. वाचन अडखळत असेल, तर केवळ भाषेचाच नव्हे, सगळ्याच विषयांचा रस्ता अडतो. म्हणूनच मूल वाचायला का तयार होत नाही आणि घरात त्याला वाचते कसे करता येईल, हा प्रश्न शाळा उघडल्यानंतरही तितकाच महत्त्वाचा आहे.

आकडे काय सांगतात?

'असर' या पाहणीत ग्रामीण भागातील मुलांच्या घरी जाऊन त्यांना मजकूर वाचायला दिला जातो. २०१८ मध्ये देशातील तिसरीच्या २७.३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले. पाचवीत ते ५०.५ टक्क्यांवरून ४२.८ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रही या घसरणीला अपवाद नव्हता. २०२४ च्या पाहणीत तिसरीचे प्रमाण पुन्हा २७.१ टक्क्यांपर्यंत वर आले. पाचवीचे मात्र ४८.८ टक्क्यांवरच राहिले.

या दोन आकड्यांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. २०२४ मधील तिसरीची मुले शाळा उघडल्यानंतर पहिलीत आली होती. पाचवीची मुले मात्र २०२०-२१ मध्ये, म्हणजे नेमक्या शाळा बंद असताना, पहिलीत 'दाखल' झालेली. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग भरण्यास डिसेंबर २०२१ उजाडला आणि जानेवारी २०२२ मध्ये ते पुन्हा काही काळ बंद झाले. या मुलांची पहिली इयत्ता वर्गाबाहेरच संपली होती.

या काळात घरात यंत्रांची कमतरता वाढली असेही नाही. 'असर'च्याच पाहण्यांनुसार, मुले असलेल्या कुटुंबांपैकी स्मार्टफोन असणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. अशा घरांतील चौथा हिस्सा मुलांना तो फोन हाताळायला मिळत नव्हता, हे खरे. पण ज्यांना मिळाला त्यांचेही वाचन केवळ त्यामुळे सुधारले नाही. वाचायला साधन लागते, त्याहून अधिक सोबत लागते, हा या काळाचा पहिला धडा आहे.

कंटाळ्यामागचे कारण

'आळशी आहे', 'मोबाइलचे वेड लागले आहे' ही न वाचणाऱ्या मुलाबद्दलची नेहमीची निदाने. प्रत्यक्षात बहुतेक मुलांना गोष्टी हव्याच असतात. आजीच्या तोंडून किंवा पडद्यावरून आलेली गोष्ट ती तल्लीन होऊन ऐकतात. नकोसे असतात ते वाचताना पडणारे कष्ट.

आपली लिपी उच्चाराशी प्रामाणिक असली, तरी शिकायला छोटी नाही. बाराखडीची बारा रूपे आणि चौतीसच्या आसपास व्यंजने धरली, तरी चारशेहून अधिक आकृत्या होतात. त्यात जोडाक्षरांची आणि रफाराची भर पडते. ही सारी अक्षरे नजरेत बसायला काही वर्षे जातात. भारतीय लिप्यांवर झालेल्या अभ्यासांतही हे दिसून आले आहे. पहिली-दुसरीच्या ज्या टप्प्यावर मात्रा आणि जोडाक्षरे रुळतात, नेमका तोच टप्पा साथीने गिळला.

'गर्जना' हा शब्द ज्याला 'ग', 'र', 'ज', 'ना' असा चाचपडत जुळवावा लागतो, ते मूल वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत वाक्याचा आरंभ विसरते. सारी शक्ती अक्षरे जुळवण्यात खर्ची पडते, अर्थासाठी काही उरत नाही आणि अर्थ नाही म्हणून गंमतही नाही. मग मूल वाचन टाळते, टाळल्याने सराव होत नाही आणि सराव नसल्याने वाचन आणखी जड होते. जे वाचतात ते अधिक वाचत जातात, जे मागे पडतात ते अधिक मागे पडतात. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हेच चक्र मांडले होते. ते तोडण्यासाठी उपदेश उपयोगी पडत नाही. कष्ट कमी करणे आणि गंमत वाढवणे, हाच मार्ग आहे.

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांची अडचण थोडी निराळी असते. त्यांना मराठी समजते, बोलता येते. परंतु देवनागरी वाचनाचा सराव तोकडा असतो. त्यांना वयाला साजेशी जाड पुस्तके एकदम हाती दिली, तर ती खट्टू होतात.

बंद शाळांच्या काळातील प्रयोग

महाराष्ट्रात या काळात झालेले काही प्रयोग पालकांना आजही मार्गदर्शक ठरतील. सोलापूरच्या नीलमनगर या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आशा मराठी विद्यालयाने सुमारे ३०० घरांच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकांतील मजकूर रंगवून घेतला. जाता-येता, खेळता खेळता मुलांच्या नजरेला अक्षरे पडू लागली. पालघर जिल्ह्यात मोखाडा-जव्हार परिसरातील पाड्यांवर 'बोलकी शाळा' भरली. ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले जात आणि मुले एकत्र बसून ते ऐकत. शासनाच्या 'गोष्टींचा शनिवार' या उपक्रमातून 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वरील गोष्टी दर शनिवारी मुलांपर्यंत पोहोचवल्या गेल्या.

या तिन्ही प्रयोगांत मुलाने पुस्तकाकडे जाण्याची वाट पाहिली गेली नाही. मजकूरच मुलाच्या वाटेवर आणला गेला. शिवाय भिंतीवरचे वाचणे काय किंवा पाड्यावरचे ऐकणे काय, ते चारचौघांत होते. एकट्याने कोपऱ्यात बसून वाचण्याची सक्ती त्यात नव्हती. हीच दोन सूत्रे घरातही वापरता येतात.

आधी पातळी ओळखावी

पालकांनी सर्वप्रथम मूल नेमके कोठे अडते हे पाहावे. 'असर'च्या पाहणीत सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. बालभारतीची जुनी पुस्तके घेऊन हे घरीही सहज पाहता येते. मूल पाचवीत असले तरी ते दुसरीच्या धड्यापाशी अडत असेल, तर वाचन तेथूनच सुरू करावे; त्यात कमीपणा मानू नये आणि मुलालाही तसे वाटू देऊ नये. एका पानावर चार-पाचहून अधिक शब्दांना मूल अडखळत असेल, तर ते पुस्तक त्याला एकट्याने वाचण्यासाठी जड आहे असे समजावे. असे पुस्तक मोठ्यांनी वाचून दाखवावे.

वाचून दाखवणे हे लहानांपुरतेच असते, हा एक रूढ गैरसमज आहे. मुलाची ऐकून समजण्याची क्षमता वाचून समजण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच पुढे असते. दहा-बारा वर्षांचे मूलही भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' ऐकायला आनंदाने बसते. ऐकताना शब्दसंग्रह वाढतो, वाक्याची लय कानात बसते आणि पुढे काय झाले ही उत्सुकता जागी होते. एक वाक्य आपण, एक मुलाने. किंवा आपण वाचलेले वाक्य त्याने पुन्हा वाचायचे, अशी वाटणी केली तर ओझे निम्मे होते. प्रकरण रंगात आले की थांबावे. पुढचे पान मूल स्वतःहून उघडून पाहते का, ते पाहावे. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितले तर नाराज होऊ नये. ओळखीच्या मजकुरावरच वाचनाचा वेग येतो.

निवड मुलाची

पुस्तक कोणते वाचायचे, हे शक्यतो मुलानेच ठरवावे. चित्रकथा, कोडी, क्रिकेटची माहिती, गाड्यांची वर्णने, पाककृती, विनोद हे सारे वाचनच आहे. 'चिंटू'ची चार चौकटींची पट्टी वाचणारे मूल अक्षरे, संवाद आणि विनोद हे तिन्ही एकाच वेळी समजून घेत असते. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यात न वाचण्याचा, पाने गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचाही हक्क आहे. मोठी माणसे हे हक्क सर्रास वापरतात; मुलांना मात्र ते नाकारले जातात.

मराठीत यासाठी सामग्रीची उणीव नाही. माधुरी पुरंदरे यांच्या 'वाचू आनंदे' या संग्रहांत वेगवेगळ्या वयांसाठी निवडक मजकूर आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य वाचता येतात. 'स्टोरीवीव्हर'वरील गोष्टी वाचनपातळीनुसार लावलेल्या असल्याने मुलाला साजेशी गोष्ट शोधणे सोपे जाते. फोनवर वाचताना शेजारी मोठे माणूस असावे, एवढे पथ्य पाळावे. अन्यथा गोष्टीतून खेळाकडे बोट वळायला वेळ लागत नाही.

ज्या घरात पुस्तकेच नाहीत तेथेही मजकूर असतो. दिनदर्शिकेची मागची बाजू, जुनी वृत्तपत्रे, बसच्या पाट्या, औषधाच्या व बिस्किटाच्या पुड्यांवरील अक्षरे, वाण्याची यादी या साऱ्यांतून वाचन होते. आई-वडिलांना वाचता येत नसेल, तर त्यांनी श्रोते व्हावे. मुलाने आजी-आजोबांना रोज एक बातमी वाचून दाखवावी. दृष्टी अधू झालेल्या आजोबांना ती खरोखरच हवी असते आणि आपल्या वाचण्याचा कोणाला तरी उपयोग होतो, ही जाणीव मुलाला पुढे नेते. पडद्यावरील गाण्यांखाली त्याच भाषेत ओळी दाखवल्यास नकळत वाचन घडते, या कल्पनेवर प्रा. ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून काम केले आहे. मराठी गाणी अथवा चित्रपट पाहताना मराठी ओळी सुरू ठेवणे, हा त्यातलाच सोपा उपाय.

भीती, परीक्षा आणि घाई

साथीच्या काळात मुलांच्या मनावर आणखी एक ओझे होते. रुग्णवाहिकेचे आवाज, विलगीकरणात गेलेले आई-वडील, घरातील आजारपण, कोणाचा तरी मृत्यू, बुडालेली रोजी. भेदरलेल्या मनाला ओळींवर लक्ष ठेवणे कठीण जाते. अशा वेळी पुस्तक हे अभ्यासाचे साधन म्हणून पुढे न करता जवळ बसण्याचे निमित्त म्हणून उघडावे. गोष्टीतील ससा घाबरला, तर मूल स्वतःच्या भीतीबद्दलही बोलते. पूर, स्थलांतर किंवा घरातील संकट अशा इतर प्रसंगीही हे लागू पडते.

याच कारणास्तव प्रत्येक गोष्टीनंतर 'तात्पर्य सांग', 'प्रश्नांची उत्तरे दे' असा तगादा लावू नये. वाचनाबद्दल पैसे किंवा चॉकलेट देणे आणि न वाचल्यास खेळ बंद करणे, दोन्ही टाळलेले बरे. दोन्हींतून वाचन हे नकोसे काम आहे असाच संदेश जातो. भावंडांशी तुलना तर नकोच. चूक वाचली तर लगेच टोकू नये. अर्थ बिघडत असेल तरच योग्य शब्द हळूच सांगावा. दिवसातून १५ मिनिटे, ठरलेल्या वेळी, सर्वांचे मोबाइल बाजूला ठेवून वाचन केले, तर ते आठवड्यातून एकदा दोन तास बसवण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. त्या १५ मिनिटांत आई-वडिलांच्या हातीही काही वाचायला असावे.

सतत मदत करूनही अक्षरांचा गोंधळ सुटत नसेल आणि तोंडी उत्तरे मात्र हुशारीने येत असतील, तर प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. त्यानंतर अध्ययन अक्षमतेच्या तपासणीबाबत शिक्षकांशी आणि डॉक्टरांशी बोलावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. ही स्थिती लपवण्याची नाही, वेळीच मदत घेण्याची आहे.

राज्यात टाळेबंदीमुळे बंद पडलेली ग्रंथालये १५ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, 'वाचन प्रेरणा दिनी' उघडण्यास परवानगी मिळाली. दरवाजे उघडले, तरी वाचनापासून दुरावलेले मूल आपण होऊन त्यांतून आत जाईल असे नाही. त्याचे बोट धरून नेणारे कोणीतरी लागते. शिक्षकांवर वर्गाचा भार आहे, अभ्यासक्रम पुढे सरकत आहे. राहिलेली पहिली इयत्ता कोणी परत भरवणार नाही. ती घरातच, रोज थोडी थोडी, मुलाशेजारी बसून भरून काढावी लागेल. मूल सातवी-आठवीत गेले म्हणून त्याला उशीर झाला आहे, असे मात्र कोणी समजू नये.