वळणावर मोटारसायकल का कलते?

बारावीच्या वर्गात वर्तुळाकार गती शिकवीत होतो. फळ्यावर एक वळण काढले, त्यावर कललेली मोटारसायकल काढली आणि कलण्याच्या कोनाचे सूत्र सिद्ध करून दाखविले. नंतर सहज बोलण्याच्या ओघात मी मुलांना सांगितले, की तरुणपणी घाटंजीच्या रस्त्यावर एका वळणावर मी मोटारसायकलसह नालीत गेलो होतो. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, तुमाले तर हे सूत्र येत होतं, मंग तुम्ही पडले कसे?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न खरा होता. त्या वेळी माझे एम.एस्सी.चे शिक्षण पूर्ण झाले होते आणि सूत्र तोंडपाठ होते. रस्ता कोरडा होता, वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास होता आणि समोरून कोणीही येत नव्हते. तरीही मी पडलो. याचे उत्तर शोधता शोधता जे हाती आले, ते तुम्हालाही सांगावेसे वाटते.

ताठ बसून वळता येत नाही

मित्रहो, प्रथम एक साधा प्रश्न. बस किंवा मोटार वळताना आत कलत नाही, उलट थोडी बाहेरच झुकते. मग सायकल आणि मोटारसायकल यांनाच आत कलण्याची गरज का पडते?

कोणतीही वस्तू वळायची असेल, तर तिला वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल लागते. त्याला आपण अभिकेंद्री बल म्हणतो. दोरीला दगड बांधून फिरवला तर हे बल दोरी पुरविते. मोटारसायकलला दोरी नसते, तिला हे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण पुरविते. पण घर्षण लागते ते अगदी खाली, जमिनीपाशी. गाडी आणि स्वार यांचा मिळून गुरुत्वमध्य मात्र बराच वर, साधारण बसणाऱ्याच्या मांडीच्या आसपास असतो. पायाखालची सतरंजी कोणी एका बाजूला ओढली, तर आपण विरुद्ध बाजूला पडतो ना? तसेच येथे होते. घर्षण चाकांना आत ओढते, म्हणून गाडी बाहेर कोलमडू पाहते.

चारचाकीला ही अडचण सोसते. तिचे बाहेरच्या बाजूचे टायर अधिक भार उचलतात आणि तिला सावरतात. दोनचाकीला असा आधार नाही. मग ती काय करते? आधीच आत कलते. कलल्यामुळे तिचे वजन तिला आत पाडू पाहते, तर घर्षण तिला बाहेर पाडू पाहते. या दोन्हींचे परिबल सारखे झाले, की गाडी तिरकी असूनही पडत नाही. आपल्याला ती पडत असल्यासारखी दिसते, पण तिच्या दृष्टीने तोच समतोल असतो.

हे गणितात मांडले तर पुढील सूत्र मिळते:

कलण्याच्या कोनाचा टॅन = (वेग × वेग) ÷ (त्रिज्या × ९.८)

येथे वेग दर सेकंदाला मीटरमध्ये आणि वळणाची त्रिज्या मीटरमध्ये घ्यावयाची. सूत्राकडे जरा निरखून पाहा. त्यात वजन कोठेच नाही! सडपातळ विद्यार्थी एकटा जात असो, की मागे बायको आणि पुढे कापसाचे गाठोडे घेऊन शेतकरी जात असो, वेग आणि वळण सारखे असेल तर कलण्याचा कोनही सारखाच. दुसरी गोष्ट अशी, की वेगाचा वर्ग येतो. वेग दुप्पट केला, तर टॅन चौपट होतो.

३० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जाताना कोन सुमारे १९ अंश येतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाला तोच कोन ३७ अंश होतो. वेग दीडपट झाला आणि कोन जवळजवळ दुप्पट!

किती कलावे याला मर्यादा कोणती?

आता खरा प्रश्न. गाडी किती अंशापर्यंत कलली तर चालते? याचे उत्तर घरच्या घरी मिळवता येते. एक पाटी किंवा लाकडी फळी घ्या. तिच्यावर खोडरबर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. एका विशिष्ट कोनाला खोडरबर घसरू लागेल. तेव्हाची उंची आणि पाया मोजा. उंचीला पायाने भागले, की त्या कोनाचा टॅन मिळतो. हाच खोडरबर आणि फळी यांचा घर्षणांक. आता फळी ओली करून मोजा, मग तिच्यावर बारीक माती भुरभुरून मोजा. कोन कसा बदलतो ते वहीत लिहून ठेवा.

गंमत अशी, की मोटारसायकलची मर्यादा नेमकी हीच असते. तिच्या कलण्याच्या कोनाचा टॅन टायर आणि रस्ता यांच्या घर्षणांकापेक्षा वाढला, की टायर निसटलाच म्हणून समजा. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर घर्षणांक साधारण ०.७ धरता येईल, म्हणजे मर्यादा ३५ अंश. ओल्या रस्त्यावर तो ०.४ धरला तर मर्यादा २२ अंशांवर येते. रस्त्यावर बारीक रेती पसरली असेल आणि घर्षणांक ०.२ उरला, तर अवघी ११ अंश! शर्यतीच्या मैदानावरील स्वार ६० अंशांहूनही अधिक कलतात, हे तुम्ही दूरदर्शन संचावर पाहिले असेल. पण त्यांचे टायर निराळ्या, मऊ रबराचे असतात, शर्यतीपूर्वी ते तापवितात आणि तो रस्ता झाडून स्वच्छ केलेला असतो. त्यांचे अनुकरण आपल्या रस्त्यावर करण्यात अर्थ नाही.

जत्रेतील 'मौत का कुआँ' आठवतो? तेथे भिंत उभी असते आणि घर्षण गाडीला खाली पडू देत नाही. विहिरीची त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणांक ०.८ धरला, तर गाडी टिकून राहण्यासाठी ताशी २८ किलोमीटर वेग पुरतो. पाहणाऱ्याला तो चमत्कार वाटतो, पण हिशेब हाच आहे.

घाटंजीच्या रस्त्यावरील हिशेब

विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर एका रविवारी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी, मी एका सहकाऱ्याला घेऊन त्या वळणावर गेलो. वळणाच्या आतल्या कडेच्या दोन बिंदूंमध्ये २० मीटर लांबीची दोरी ताणली. दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर भरले १.७ मीटर. दहावीच्या भूमितीतील जीवांच्या छेदनाचा सिद्धांत येथे उपयोगी पडतो. १० × १० = १.७ × (व्यास − १.७). यावरून व्यास साडेसाठ मीटर, म्हणजे त्रिज्या सुमारे ३० मीटर येते.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. सूत्रात घालून पाहिले, कोन आला २३ अंश. आणि कोरड्या रस्त्याची मर्यादा होती ३५ अंश! म्हणजे रस्ता मला वळवायला पूर्णपणे तयार होता. टायरही तयार होता. तयार नव्हतो तो मी. गाडी कलू लागताच 'आता पडणार' या भीतीने मी अंग ताठ केले, तिला सरळ केले आणि ब्रेक दाबला. सरळ झालेली गाडी सरळच जाणार. ती गेली, आणि समोर नाली होती.

पण हिशेब येथेच थांबवू नका. तोच वेग, तेच वळण, आणि पाऊस पडून गेलेला असता तर? तेव्हा मर्यादा २२ अंश आणि गरज २३ अंशांची. कितीही धीट स्वार असता तरी तो घसरला असता. जे गणित कोरड्या रस्त्यावर 'भिऊ नकोस' म्हणते, तेच ओल्या रस्त्यावर 'वेग कमी कर' म्हणते. वळणावरचा आत्मविश्वास या दोन्ही वाक्यांनी मिळून बनतो. त्यातले एकच वाक्य ऐकणारा आज ना उद्या पडतो.

गाडी कलवायची कशी?

आता एक नवल सांगतो. गाडी डावीकडे वळवायची तर हँडल कोणत्या बाजूला फिरवावे लागते? तुम्ही म्हणाल, डावीकडे. पण चालत्या गाडीवर सुरुवातीला हँडल क्षणभर किंचित उजवीकडे फिरते! तळहातावर झाडू उभा धरून पाहा. तो डावीकडे कलावा असे वाटत असेल, तर हात उजवीकडे न्यावा लागतो. तसेच चाक उजवीकडे सरकले, की वरचा भार डावीकडे कलतो आणि मग गाडी डावीकडे वळते. सायकल येणारा प्रत्येकजण हे नकळत करतो. विमानाचे जनक राइट बंधू मुळात सायकलींचे दुकान चालवीत. सायकलस्वारांना आपण वळताना नेमके काय करतो हे सांगता येत नाही, ही गोष्ट विल्बर राइटच्या लक्षात आली होती.

मोकळ्या मैदानावर मध्यम वेगाने सायकल चालविताना डाव्या हाताने डावी मूठ अगदी हलकेच पुढे ढकला. सायकल डावीकडे कलून वळेल. भ्यालेला स्वार या हालचालीशी झगडतो, हात आखडतो, म्हणून त्याची गाडी वळत नाही.

चाके फिरतात म्हणून भोवऱ्याप्रमाणे गाडी उभी राहते, असेही पुष्कळांना वाटते. ते पूर्ण खरे नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने उलट फिरणारे जादा चाक लावून सायकलचा भोवरा-परिणाम जवळजवळ नाहीसा केला. तरीही ती सायकल चालविता आली.

घर्षणाची शिल्लक

घर्षण हे बँकेतल्या शिलकीसारखे असते. वळण्याला लागणारे बल आणि ब्रेकला लागणारे बल, दोन्ही त्याच खात्यातून खर्च होतात. ही बले परस्परांना काटकोनात असतात, म्हणून येथे पायथागोरस मदतीला येतो. एकूण घर्षण १० एकक असेल आणि वळण्यात ६ खर्च झाले, तर ब्रेकसाठी ८ उरतात. वळण्यात पूर्ण १० खर्च झाले, तर ब्रेकसाठी शून्य! अशा वेळी ब्रेकला नुसता स्पर्श झाला तरी टायर निसटतो. म्हणून वेग कमी करायचा तो वळण लागण्यापूर्वी, वळणाच्या मध्यावर नव्हे.

ही शिल्लक कोणकोणत्या गोष्टी कमी करतात? आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलीच उदाहरणे घ्या. पावसाळ्यात शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणतात. ती भिजली की लोण्यासारखी होते. दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेले असते, आणि त्याचे गोल दाणे चाकाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात. जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर सागाची वाळलेली मोठी पाने साचतात. या सर्वांवर कलण्याची मर्यादा एकदम खाली येते.

रस्त्याचा उतारही पाहावा. चांगल्या वळणावर रस्त्याची बाहेरची कड मुद्दाम उंच ठेवतात. पूर्वी यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणाऱ्या, आता बंद असलेल्या 'शकुंतला' या लहान गाडीच्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गालाही हाच नियम लागू होता. पण अनेक गावरस्ते मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरते असतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून उजव्या वळणावर असा उतार आपल्याला बाहेर लोटतो. तेथे वेग आणखी कमी हवा.

शेवटी दोन लहान गोष्टी. मागे बसलेल्याने चालकाबरोबर कलावे. तो भिऊन बाहेर झुकला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य बाहेर सरकतो आणि गाडीला अधिक कलावे लागते. आणि निघण्यापूर्वी साइड स्टँड वर केला आहे का ते पाहा. तो उघडा राहिला तर डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो आणि गाडी उधळून देतो.

तुमच्यासाठी प्रयोग

वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत गिअरची मोटारसायकल चालविण्याचा परवाना मिळत नाही आणि तो नियम योग्यच आहे. पण सायकलला हेच सूत्र लागू पडते. शाळेच्या मैदानावर १० मीटर त्रिज्येचे वर्तुळ फक्कीने आखा. त्याचा परीघ ६२.८ मीटर भरेल. एका मित्राने सायकलवर फेरी मारावी, दुसऱ्याने वेळ मोजावा आणि तिसऱ्याने मागून छायाचित्र घ्यावे. फेरीला साडेबारा सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ५ मीटर आणि कोन सुमारे १४ अंश यायला हवा. छायाचित्रावर कोनमापक ठेवून पाहा, जुळतो का? जुळला नाही तर का, याचा विचार करा.

प्रश्न विचारणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मी हा सारा हिशेब फळ्यावर करून दाखविला. तो म्हणाला, "म्हणजे सर, तुमाले सूत्र येत होतं, पण त्याच्यावर भरवसा नव्हता." इतके नेमके उत्तर मलाही सुचले नव्हते. आता मी त्या वळणापाशी येतो तेव्हा आधी रस्ता पाहतो, वेग कमी करतो, नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर ठेवतो आणि मग गाडीला निर्धास्त कलू देतो.