वरकसाची चिकण माती आणि जनावरांचे खूर

महसूल खात्यातील कारकुनीच्या काळात आम्ही जमीन पुष्कळ पाहिली, परंतु ती बहुतेक कागदावर. सात-बाराच्या उताऱ्यात 'वरकस' हा शब्द आला म्हणजे लेखणी झरझर पुढे जात असे. आकारणी थोडी, तंटे थोडे, सबब लक्षही थोडे. पुढे 2014 साली वडिलांच्या मागे मुलुंडकडील डोंगराच्या पायथ्याचा सव्वा एकराचा गवताचा तुकडा आमच्या नावे लागला, आणि ज्या शब्दावरून आम्ही इतकी वर्षे नुसती नजर फिरविली होती, त्याच्या मातीशी आमची प्रत्यक्ष गाठ पडली. त्या मातीसंबंधी जे समजले, आणि जे चुकून शिकावे लागले, ते सभासद बंधूंपुढे ठेवीत आहो.

साष्टीचा डोंगरी भाग बव्हंशी लाव्हारसाच्या काळ्या दगडाचा आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस तो खांबासारखा उभा पाषाण आठवेल. या एकाच जातीच्या दगडापासून एकाच उतारावर दोन निरनिराळ्या माती तयार होतात, ही गोष्ट आपल्या पुष्कळ शेतकऱ्यांस डोळ्यांनी ठाऊक असते, परंतु तिचे कारण ठाऊक नसते. वर माथ्यावर तांबूस, उथळ, मुरमाड माती. खाली खोलगटात काळपट, चिवट, चिकण माती. उपनगरात वर्षाकाठी सुमारे 90 ते 100 इंच पाऊस पडतो. तो माथ्यावरील मातीतून चुना व मॅग्नेशियम धुऊन खाली नेतो. धुतल्या गेलेल्या मातीत कुंभाराच्या उपयोगी पडावी तशी, न फुगणारी चिकण उरते. खोलगटात मात्र तेच क्षार साठतात, पाणीही रेंगाळते, आणि तेथे फुगणारी चिकण तयार होऊन टिकते. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत जे पांढरे चमकदार स्फटिक सापडतात, तेही झिजताना चुना पुरवीत असतात. त्यामुळेच कोकणासारख्या अतिपावसाच्या मुलुखातही डोंगरांमधील खोऱ्यांत देशावरच्या काळ्या जमिनीची बहीण भेटते.

या मातीचा स्वभाव तिच्या कणांत आहे. चिकणीचा कण एका मिलिमीटरच्या दोन सहस्रांशाहूनही बारीक. आकाराने गोल नव्हे, तर पत्त्यांच्या जोडासारखा थरांचा. फुगणाऱ्या जातीत पाणी या पत्त्यांच्या मधोमध शिरते व माती सुजते. पाणी उडाले की ती आकसते आणि जमिनीस भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस या भेगांतून सरळ खोल उतरतो. परंतु आठ-पंधरा दिवसांत माती सुजून भेगा मिटतात, आणि त्यानंतर पडणारे पाणी आत जाण्यास वाटच फारशी राहत नाही. ते वरून वाहते किंवा साचते. शिवाय जे पाणी मातीने धरले, त्यातील बरेचसे ती इतके घट्ट धरते की मुळांस ते ओढून घेता येत नाही. मार्गशीर्षात ढेकूळ फोडले तर हातास ओल लागते, आणि त्याच जागी गवत मान टाकून उभे असते. चिकण जमीन ओली दिसली म्हणून तहानलेली नाही, असे समजू नये.

आमच्या जुन्या खात्याने या गोष्टीचा विचार केला नव्हता असे मात्र नाही. 1847 च्या संयुक्त अहवालात गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या साहेबांनी दख्खनच्या जिरायत जमिनींच्या प्रतबंदीची जी पद्धत घालून दिली, तीत मातीचा पोत व रंग पाहून तीन जाती, आणि हातांनी मोजलेल्या खोलीवरून नऊ प्रती ठरविल्या होत्या. पहिली प्रत 16 आण्यांची, नववी 2 आण्यांची. खेरीज सात दोष सांगितले होते व दोषागणिक प्रत उतरत असे. त्यांत चुनखडीचे खडे होते, वाळूची भेसळ होती, उतार होता, आणि पाणी आत न शिरू देणारी घट्ट माती हाही एक दोष होता. योजना हुशारीची होती, यात शंका नाही. परंतु ती पिकाच्या जमिनीची मोजणी होती. हीच माती गवताखाली कशी वागते, आणि जमिनीचा दोष जन्मजात आहे की मागाहून कोणी आणला आहे, हे त्या कोष्टकात कोठेच बसत नव्हते. आमच्या तुकड्यात तो दोष आम्हीच आणला.

2016 सालच्या जूनअखेरीस एक ओळखीचे तबेलेवाले आमच्याकडे आले. वैरणीची टंचाई होती. "भाऊसाहेब, नुसते चार दिवस म्हशी सोडतो," असे म्हणाले. गवत वीतभर आले होते. आम्हीही भिडेस पडलो. आमच्या शेजारी एक वृद्ध आगरी शेतकरी राहत असत. ते बांधावरूनच म्हणाले, "बाबा, खूर उमटतोय तोवर ढोर आत घालू नको." आम्हांस वाटले, म्हाताऱ्या माणसांची सवय ती. चार दिवसांचे बारा झाले. आठ म्हशी, एकेकीचे वजन पाचशे किलोच्या आसपास, आणि भिजून लोण्यासारखी झालेली चिकण!

भातशेतकरी चिखलणी कशासाठी करतो, हे येथे आठवावे. ओल्या मातीत नांगर व गुट्टा फिरविला म्हणजे मातीचे रवे मोडतात, पोकळ्या बुजतात, खाली एक घट्ट थर बसतो आणि पाणी खाचरात उभे राहते. भातास तेच हवे असते. आमच्या वरकसात म्हशींच्या खुरांनी नेमकी तीच चिखलणी केली, आणि गवतास ती नको होती. मुळांस हवा मिळेना. पाणी साचून राहिल्याने खतातील नत्रही वायुरूपाने उडून गेले. पुढच्या वर्षी मारवेल निम्म्याहून कमी झाले. त्याच्या जागी वरच्या अंगास कुसळी आणि खालच्या अंगास टाकळा माजला. टाकळ्यास जनावर तोंड लावीत नाही. घरात त्या पावसाळ्यात टाकळ्याची भाजी मात्र मुबलक झाली, एवढाच काय तो लाभ.

बारा दिवसांची ही चूक निस्तरण्यास आम्हांस आजवर वर्षे लागत आहेत. पहिले तीन पावसाळे तुकडा पूर्ण बंद ठेवला. वरच्या बांधालगत उताराला आडवा उथळ चर काढून डोंगराचे पाणी बाजूस वळविले. आश्विनात माती वापशावर आली असता घट्ट झालेला वरचा चार बोटे थर कुदळीने फोडून त्यात कुजलेले शेणखत मिसळले, आणि पुढच्या पावसाच्या आरंभी फूटफूट अंतरावर मारवेलाचे मुळासह ठोंब लावले. काहींनी वाळू मिसळण्याचा सल्ला दिला होता. तो आम्ही मानला नाही. चिकणीत थोडी वाळू घातल्याने ती मोकळी होत नाही, आणि उपयोग व्हावा इतकी वाळू घालणे कोणास परवडणार? खरे काम केले ते उन्हाने. या मातीत हा एक मोठा गुण आहे की, तिला त्रास न देता सुकू दिली तर ती आपोआप तडकते, दर वर्षी थोडी अधिक बारीक तडकते, आणि तुटलेले रवे पुन्हा जमू लागतात. माथ्यावरची तांबडी माती दाबली गेली तर तिला ही सोय नाही.

आपली माती कोणत्या जातीची, हे पाहण्यास प्रयोगशाळाच हवी असे नाही. मूठभर माती भिजवून मळावी व अंगठा आणि बोट यांमध्ये दाबून तिची पट्टी काढावी. पट्टी दोन इंचांहून लांब जाऊन तुटली नाही तर ती भारी चिकण समजावी. दुसरी परीक्षा खाडीकाठच्या सभासदांनी अवश्य करावी. पावसाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यात सुके ढेकूळ हलकेच सोडावे. ते नुसते ढासळले व पाणी निवळ राहिले तर चिंता नाही. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरला तर त्या मातीत खाऱ्या पाण्याचे सोडियम अधिक झाले आहे असे समजावे. तेथे चर काढून गोड्या पाण्याने धुणे आणि जिप्सम घालणे, हाच मार्ग. गुरे सोडण्याची परीक्षा याहून सोपी आहे: टाचेने जोराने दाबावे. टाच रुतली किंवा ठसा चकचकीत उमटला तर दार बंद ठेवावे, आणि त्या दिवसांत गवत कापून बाहेर नेऊन घालावे. कापतानाही जमिनीवर तीन-चार बोटे खुंट राखावा.

ज्यांच्या जागेत पाणी साचतेच, निचरा करणे शक्य नाही, त्यांनी मारवेलाच्या मागे न लागता पॅरा गवत पाहावे. 1949 साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत वसविण्यात आली, तेव्हा गोठे धुतलेले पाणी सोडून त्यावर हेच गवत वाढविण्यात येई. ओल्या पायांनी जगणारे ते गवत आहे. मात्र ते कापून घालावयाचे. त्यात म्हशी सोडावयाच्या नव्हेत.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर पंचनाम्यांच्या कामी आम्ही कित्येक उतार पायी हिंडलो. जेथे गवताची वीण शाबूत होती तेथून पाणी तुलनेने निवळ उतरत होते. गुरांच्या पायवाटांतून मात्र माती वाहून मुरूम उघडा पडला होता. तेव्हा आम्ही फक्त क्षेत्र आणि नुकसान लिहिले. अर्जात दुसरा रकानाच नव्हता.

आमचा तुकडा आता तीन हिस्से सुधारला आहे. दाराजवळचा कोपरा, जेथे त्या म्हशी दिवसभर गर्दी करून उभ्या राहत, तो अद्याप टाकळ्याचाच आहे. गेल्या फाल्गुनात मात्र त्या कोपऱ्यात प्रथमच दोन बोटे रुंद भेग पडलेली दिसली. मुलाने तीत काठी घालून पाहिली; ती वीतभर आत गेली.