सैनिक, आज्ञा आणि हेगचे न्यायासन

सैनिक राष्ट्राचा, मग त्याच्या अपराधाचा जाब परक्या न्यायासनाने का विचारावा? हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाविरुद्ध अमेरिकेचा मुख्य आक्षेप हाच आहे. १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे १२० राष्ट्रांनी या न्यायालयाच्या करारास संमती दिली. विरोधी ७ मतांत अमेरिकेचे मत होते. तटस्थ २१ राष्ट्रांत भारत होता. १ जुलै २००२ रोजी करार अमलात आला. पुढच्याच महिन्यात अमेरिकेने कायदा करून, आपला सैनिक या न्यायालयाच्या कोठडीत पडल्यास त्याच्या सुटकेसाठी आवश्यक ते सर्व उपाय योजण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांस दिला.

न्यायासनावरही राजकारण शिरू शकते, हे भय आम्ही पोकळ मानीत नाही. तथापि कराराचे १७ वे कलम वाचले म्हणजे आक्षेपाचे बळ बरेच ओसरते. राष्ट्राने स्वतः प्रामाणिकपणे चौकशी केली वा खटला चालविला, तर हेगला तेथे काम उरत नाही. ते राष्ट्र अनिच्छुक वा असमर्थ असेल, तरच हे न्यायालय पुढे येते.

स्वकीय न्याय कसा चालतो, हे व्हिएतनाममधील मी लाय येथे दिसले. १६ मार्च १९६८ रोजी अमेरिकन तुकडीने तेथे निःशस्त्र स्त्रिया, मुले व वृद्ध यांची कत्तल केली; व्हिएतनामी नोंदीनुसार मृत ५०४. दीड वर्षाहून अधिक काळ प्रकरण दडपले गेले. शिक्षा झाली ती एकट्या लेफ्टनंट विल्यम कॅली यास. २२ जणांच्या हत्येबद्दल १९७१ मध्ये त्यास जन्मठेप सुनावली गेली. परंतु राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने त्यास तुरुंगातून काढून स्वतःच्या निवासस्थानी स्थानबद्ध ठेवण्यात आले आणि १९७४ मध्ये तो सुटला. त्याचा वरिष्ठ कॅप्टन मेडिना निर्दोष ठरला. मारणारा कोण आणि मेला कोण हे पाहून दंड मोजण्याची रीत आमच्या वाचकांस नवी नाही!

आपण केवळ आज्ञा पाळली, हा कॅलीचा बचाव होता. पण त्याच दिवशी, तोच गणवेश ल्यालेल्या ह्यू थॉम्प्सन या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर गावकरी आणि सैनिक यांच्यामध्ये उतरवून काहींचे प्राण वाचविले. करारातील ३३ व्या कलमानुसार, आज्ञा उघड बेकायदेशीर असेल तर ती सबब चालत नाही. आमच्या मते याहून मोलाचे २८ वे कलम होय. हाताखालच्यांचे अपराध ठाऊक असून, वा ठाऊक असावयास हवे असून, जो सेनानी ते रोखीत नाही, तोही त्याने जबाबदार ठरतो.

न्यायालयाची खरी उणीव अन्यत्र आहे. त्याच्यापाशी स्वतःचे पोलीस नाहीत. अफगाणिस्तान सदस्य असल्याने तेथील भूमीवर परकी सैनिकांनी केलेले अपराधही त्याच्या कक्षेत येतात. मार्च २०२० मध्ये त्या चौकशीस अनुमती मिळाली. सप्टेंबरमध्ये अमेरिकेने अभियोक्त्या फातू बेन्सूदा यांच्यावरच निर्बंध लादले. ते एप्रिल २०२१ मध्ये उठले खरे; पण त्याच वर्षी नव्या अभियोक्त्यांनी तालिबान व इस्लामिक स्टेट यांच्या अपराधांवर लक्ष एकवटून अमेरिकन सैन्यावरील आरोप मागे सारले. ते आरोप बंदिवानांच्या छळाचे होते.